बादली जाईल एवढी भिंत

सकाळची भांडी घासून होत नाहीत तोच मेहरूण तलावाच्या बाजूने झळ यायला लागते आणि दारातल्या कडुनिंबाचा मोहोर खाली पडायला लागतो. त्याचा तो कडू-गोड वास आला की मी समजते, उन्हाळा परत आला. कॅलेंडर बघायची गरज नाही. आणि उन्हाळा आला की मला हिरव्या रंगाचा संशय येतो. हसू नका. पावसाळ्यात हिरवं दिसलं तर कोणीही खूश होईल, पण आपल्या खान्देशात वैशाखाच्या तोंडावर कुणाच्या अंगणात हिरवं दिसलं की मी आधी मनात विचारते, पाणी कुणाचं?

यंदा मुलाने नवीन घर बांधलं, मागे मोकळी जागा ठेवली. सूनबाई म्हणाल्या, तिथे पर्यावरणपूरक बाग करायची. त्यासाठी शेतकी कॉलेजात शिकलेला एक नर्सरीवाला आला. चांगला मुलगा, पण हसतो फार, आणि फार हसणाऱ्या माणसाच्या हातातला कागद मी नीट बघते. कागदावर सगळं झकास होतं. मोरीचं पाणी कुठून कुठे जाणार, त्याला बाण काढलेले. कुठे कोणतं झाड, कुठे पालापाचोळ्याचा खड्डा. त्याने मला समजावलं, "आजी, वापरलेलं पाणी वाया नाही जाऊ द्यायचं, ही नवीन पद्धत आहे."

मी म्हटलं, "हो का? बरं झालं बाबा, सांगितलंस."

सूनबाईंनी पदराआड हसू दाबलं. मग मी कागदावर बोट ठेवलं. शेजारच्या बाजूने त्याने पुरुषभर उंच भिंत काढली होती. म्हटलं, ही खाली घे. छातीइतकी. तो म्हणाला, आजी, प्रायव्हसी राहणार नाही. म्हटलं, न राहू दे, पण भरलेली बादली वरून पलीकडे देता आली पाहिजे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही म्हातारीला ऊन लागलंय. त्याला सांगत बसले नाही. तुम्हाला सांगते.

आम्ही तेव्हा धुळ्याला होतो. ह्यांची वीज खात्यात नोकरी. दोंडाईच्याहून बदली झाली, आणि देवपूरच्याही पलीकडे, जिथे तेव्हा गाव संपायचं, तिथे कॉलनीत घर मिळालं. घर बरं होतं. मागचं अंगण म्हणजे नुसता मुरूम. दुपारी त्यावर पाय ठेवला की तळवा भाजायचा आणि ती सगळी आग मागच्या दाराने घरात शिरायची. स्वयंपाकघरात पाटा गरम, वरवंटा गरम, माठाचं पाणीसुद्धा कोमट. मुलगी लहान होती, घामोळ्यांनी रडायची. मी ठरवलं, ह्या अंगणाला सावली आणि ओल दिल्याशिवाय इथे जगता येणार नाही.

पण पाणी? नळ रोज येत नव्हता. येईल तेव्हा येईल. हंडे, पिंपं, पातेली, अगदी पिठाचा डबासुद्धा रिकामा करून आम्ही पाणी भरायचो. झाडाला नळाचं पाणी घालायचं म्हणजे पाप. मग उरलं ते आपण वापरलेलं पाणी. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, अंघोळीचं, कपड्यांचं. ते मोरीतून बाहेर जाऊन गटारात डास पोसत होतं. मी एक काटकी घेतली आणि मुरमावर रेघा ओढल्या. मोरीच्या तोंडाशी खड्डा, त्यात विटांचे तुकडे, वाळू, चुलीतला कोळसा. साबण तिथेच अडेल ते अडेल. खड्ड्याच्या काठाला कर्दळ, कारण कर्दळीला घाणीचं वावडं नाही. तिथून पाट काढून केळीला. केळीच्या पायाशी ओल राहते तिथे अळू. शेवट कढीपत्ता आणि शेवगा, त्यांना थोडं मिळालं तरी चालतं. पश्चिमेला कडुनिंब, दुपारचं ऊन अंगावर घ्यायला. आणि सगळ्या मुरमावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे तुकडे आणि शेंगांची टरफलं पसरायची, म्हणजे ओल उडून जात नाही.

हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "धरण बांधतेस का?"

म्हटलं, "तुम्ही फक्त विटा आणा. इंजिनेर मी आहे."

केळीचं पिल्लू मी बहिणीकडून आणलं, रावेरच्या बाजूने. एसटीत गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं हाफ तिकीट फाडू का?" सगळी गाडी हसली. मी मात्र धुळे येईपर्यंत गोणपाटावरचा हात काढला नाही. कोण जाणे, कुणी खाली ठेवायला सांगेल आणि मोड मोडेल.

पाण्याची ही काटकसर मला कुणी कागदावर शिकवली नाही. माझं माहेर भडगावचं. गिरणा नदी भरलेली असायची, पण माझी आई लहान होती तेव्हा गावच्या विहिरीवर तिच्या हाताला दोर लागू द्यायचे नाहीत. ती घागर घेऊन लांब बसायची. कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. घागरीत कमी, मातीत जास्त. आई सांगायची, ते मातीत गेलेलं पाणी मला अजून दिसतं. आम्ही बौद्ध झालो, वडील शिकले, आम्ही शिकलो, आमच्या घरात आमचा नळ आला. तरी आई आमच्याकडे आली की मोरीतून जाणाऱ्या पाण्याकडे बघत बसायची. तिची ती नजर मला मिळाली. त्या नजरेत पाण्याची किंमत होती आणि त्याच नजरेत संशयही होता. दोन्ही बरोबरच आले, वेगळे करता आले नाहीत मला.

तर वर्षभरात अंगण बदललं. मागच्या दारात उभं राहिलं की ओल्या मातीचा वास. केळीची पानं वाऱ्याने फडफड करायची. स्वयंपाकघर थंड झालं. आणि मग कॉलनीत कुजबुज सुरू झाली. एवढ्या उन्हाळ्यात हिचं अंगण हिरवं कसं? कुणी म्हणालं, वीज खात्यातला माणूस आहे, विजेसारखी पाण्याचीही लाइन कुठून तरी जोडून घेतली असेल. एक बाई तर कढीपत्ता मागायच्या निमित्ताने आत डोकावून नळ मोजून गेली. मला राग नाही आला. मीही तेच केलं असतं.

खरा काटा रुतला तो अक्कांमुळे. भिंतीपलीकडच्या अक्का. पाटलांच्या घरच्या, शिंदखेड्याच्या बाजूच्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. घरात शुद्ध बोलायच्या आणि माझ्याशी भिंतीवरून अहिराणी. "काय करी राहिनी वं सुमन?" ही त्यांची सकाळची हाक. मनाने प्रेमळ. मुलीला ताप आला तेव्हा रात्र-दिवस विचारपूस केली. मी अळूची पहिली पानं काढली तेव्हा कोवळी कोवळी निवडून त्यांना दिली. "मस्त शे वं तुन्हा अळू," म्हणाल्या, पदरात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली गाय आली. रोज यायची, प्रत्येक दाराशी थांबायची. अक्कांच्या दारातून निघाली तेव्हा तिच्या तोंडात माझी अळूची पानं होती. देठाला मी बांधलेल्या सुतळीसकट.

बघा आता. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असता?

दोनच अर्थ होते. एक, ही भाजी मोरीच्या पाण्यावरची, म्हणून नको. दुसरा, ही भाजी आमच्या हातची, म्हणून नको. पहिला असेल तर मला काही वाटणार नव्हतं, कुणालाही किळस येऊ शकते. दुसरा असेल तर ह्या भिंतीवरून रोजचं जे गोड बोलणं चालतं ते काय होतं? मला ते माहीत करून घ्यायचं होतं. विचारायचं मात्र नव्हतं. विचारलं असतं तर त्या नाहीच म्हणाल्या असत्या, आणि त्या नाहीचं मी काय केलं असतं?

तेव्हापासून मी पुरावे गोळा करायला लागले. अक्का चहा द्यायच्या, पण कपबशीत देतात की स्टीलच्या पेल्यात, यावर माझं लक्ष. एकदा पेल्यात दिला. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, कप फुटले असतील. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या बाईलाही पेल्यातच दिला. मग मी म्हटलं, मी समोर होते म्हणून दिला असेल. उन्हाळ्यात कॉलनीतल्या बाया मिळून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायच्या, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. ज्वारीचं पीठ रटरट शिजायचं, त्याचा तो आंबूस वाफाळ वास, धोतराच्या ओल्या कापडावर थापणारे हात. मला अक्का दर वेळी म्हणायच्या, "सुमन, तुन्ही नजर चांगली शे, तू गच्चीवर राखण कर." मी काठी घेऊन कावळे हाकत बसायची. नजर माझी चांगली होतीच. पण पिठात हात नको म्हणून तर गच्चीवर पाठवत नाहीत ना? कावळ्यांवर एक डोळा आणि जिन्यावर एक डोळा, असे माझे उन्हाळे गेले.

हे म्हणायचे, "तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं."

मी म्हणायची, "तुम्ही वरून ओतलेलं पाणी पाहिलं नाही, म्हणून हसता." ह्यांनीही ते पाहिलं होतं. पण हे विसरू शकत होते. काही माणसांना ते जमतं.

शेवटी मी एक युक्ती काढली. अंगणात दुसरा वाफा केला, मोरीच्या पाटापासून लांब, भिंतीला लागून, अक्कांना दिसेल असा. त्यात गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल चढवला आणि खाली पोकळा टाकला. ह्या वाफ्याला फक्त नळाचं पाणी. पाणी घालताना मोठ्याने बोलायची, "अक्का, हे बघा, हे नळाचं चोख पाणी! मोरीचं थेंबभर नाही ह्यात!" म्हणजे आता किळस हे कारण उरलं नाही. ह्या वाफ्यातलं घेतलं आणि खाल्लं, तर बिचारी पाण्याला भ्यायली होती. ह्यातलंही गाईला घातलं, तर मला कळलं काय कळायचं ते. बागेत लोक फुलं लावतात, फळं लावतात. मी परीक्षेचा पेपर लावला होता.

पहिली गिलकी दिली त्या दिवशी अक्कांच्या घरी गिलकीच आलेली होती, शिजली ती कुणाची, कळायला मार्ग नाही. दुसऱ्यांदा पोकळा द्यायला गेले तर म्हणाल्या, "आज उपास शे वं माय." उपास खरा होता का? मी दिवस मोजले, जुळला. पण उपास नसता तर दुसरं काही निघालं असतं का? पेपर तसाच कोरा राहिला.

आणि तो उन्हाळा कडक निघाला. नळ येण्यातलं अंतर वाढत गेलं. टँकर आला की बाया हंड्यांची रांग लावायच्या आणि रांगेत ओळख-पाळख संपायची. एक दुपार मला अजून डोळ्यांसमोर दिसते. वारा इतका गरम की दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता. गिलक्याचा वेल मान टाकून लोंबत होता. माझ्या हातात पिण्याच्या पाण्याचा तांब्या होता. एक तांब्या घातला तर वेल दोन दिवस काढेल, दोन दिवसांत गिलकी मोठी होतील, आणि मला अक्कांचं मन कळेल. घरात मुलगी माठाशी पेला घेऊन उभी होती. "आई, पाणी."

मी वाफ्याकडे पाहिलं. मला घागर घेऊन लांब बसलेली माझी आई दिसली. मी तांब्या माठात परत ओतला.

चोख पाण्याचा वाफा चार-सहा दिवसांत वाळून कागद झाला. मोरीच्या पाण्यावरची केळी मात्र उभी होती. अंघोळ आम्ही अर्ध्या बादलीत करायचो, पण तेवढंही तिला पोचायचं.

मग एके सकाळी भिंतीवर ठक् असा आवाज झाला. बघते तर बादली. पत्र्याची, कड चेपलेली, वर धुण्याचं गढूळ पाणी हिंदकळतंय. पलीकडे अक्का. "बठ्ठा घरनं धुनानं पानी शे. गटारमा टाकाले जीव व्हत नई. तुन्ही केळीले टाक."

मी बादली घेतली. पण आत सणक उठली. आमचं पिकवलेलं गाईला, आणि ह्यांचं सांडलेलं आम्हाला? संध्याकाळी हे घरी आले तेव्हा त्यांनी चपला काढायच्या आत मी सुरू केलं. हे शांतपणे म्हणाले, "बाई, पाणी आहे ते. ह्या दिवसांत लोक सख्ख्या भावाला देत नाहीत."

"घाण पाणी आहे."

"मग तू आपलं कुठलं घालतेस? गुलाबपाणी?"

पण ऐका गंमत. दुसऱ्या दिवशी बादली आली ती मी केळीला घातली नाही, अळूलाही नाही. फक्त कर्दळीला घातली. खायच्या झाडांना त्यांचं सांडपाणी कसं घालायचं? कुणाकुणाचे कपडे असतील, काय काय धुतलं असेल! बादली उपडी करून धरली होती आणि हा विचार मनात आला, तशी मी तिथेच खड्ड्याच्या काठावर मटकन बसले. एकटीच हसत सुटले. पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना. पलीकडून अक्का, "काय वं, काय व्हयनं?"

"काही नाही अक्का," म्हटलं, "पाय घसरला."

पाणी काय, त्याला कुणी वळवायला नकोच होतं. कर्दळीखालून ते केळीकडे गेलंच होतं. मीच तसा उतार काढला होता.

मग रोज ती ठक् व्हायला लागली. मी बादली रिकामी करून परत द्यायची, भिंतीवर दोन मिनिटं बोलणं व्हायचं. बादलीने आम्हाला बोलायला वेळ बांधून दिली. वैशाख संपता संपता केळी निसवली. केळफुलाचं जांभळं कमळ बाहेर आलं, एकेक पाकळी उचलली गेली आणि खाली बोटभर केळी रांगेत बसलेली दिसली. अक्का टाचा उंचावून बघत होत्या. "सुमन, आते हाई केळीमा आम्हना बी वाटा शे. ध्यानमा ठेव."

"शे ना अक्का," म्हटलं. आणि मनात लगेच म्हटलं, वाटा गाईसाठी की घरासाठी?

घड उतरवला तेव्हा श्रावण होता. घरात कडब्याखाली पिकवला. दार उघडलं की सगळं घर गोड वासाने भरून जायचं. चांगली मोठी फणी काढली, पुसली, भिंतीवरून दिली. अक्कांनी दोन्ही हातांनी घेतली. नाकाशी नेली. हेही मी पाहिलं, आणि हेही पाहिलं की तिथल्या तिथे सोलून खाल्लं नाही. आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातली कामं सोडून पुढच्या दाराशी उभी. हातात झाडू, अंगण तीनदा झाडून झालेलं. गाय आली. अक्कांच्या दाराशी थांबली. अक्का बाहेर आल्या आणि गाईला भाकरी दिली. नुसती शिळी भाकरी. गाय पुढे गेली. माझा जीव काही भांड्यात पडला नाही. उद्या देतील, म्हटलं. किंवा कामवाल्या बाईला दिली असतील. किंवा गावी पाठवली असतील. संशयाला काय, एक दार लावलं की तो दुसऱ्या दाराने येतो. हे ऑफिसला निघताना माझ्याकडे बघून म्हणाले, "गाईची साक्ष झाली का?" मी झाडू आपटला.

तेवढ्यात मागे ठक्.

रोजची बादली, पाऊस लागला तरी न चुकलेली. अक्कांनी ठेवली आणि घाईत होत्या, तशाच आत वळल्या. मी बादली उतरवली. धुण्याचं निळसर पाणी, त्यावर साबणाचा थोडा फेस, आणि फेसात तरंगणाऱ्या केळीच्या साली. एक-दोन नाही, पूर्ण फणीच्या. काही नीट चार पदर सुटलेल्या, काही लहान पोरांनी दातांनी ओरबाडलेल्या, आणि एक अशी निगुतीने सोललेली की टोकाला देठ तसाच.

पलीकडून आतूनच आवाज आला, "सालटे केळीना बुडले टाक वं! खत व्हई!"

मी सालींत हात घातला, एकेक उलटून पाहिली. आतून अगदी स्वच्छ होत्या. पिवळ्या, रेषारेषांच्या. मग मी त्या केळीच्या बुडाशी मातीत दाबल्या आणि वरून बादली ओतली.

अळूचं तेव्हा काय झालं होतं, ते मी अक्कांना कधी विचारलं नाही. आता त्या नाहीत. तो पाण्याचा विटाळ होता की हाताचा, हे मला आजही ठाऊक नाही आणि मी तो प्रश्न सोडलाय असंही नाही. पण एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकते, गाय काही केळं सोलून खात नाही.